मुखर्जी आणि मुखोपाध्याय

"आई गं!"

कोलकात्याजवळच्या बराकपूरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळची गर्दी होती. बंगालीतली कुजबुज, छावणीतल्या जवानांचं मोठ्या आवाजातलं हिंदी, जुन्या पंख्याची करकर... आणि या सगळ्यातून तो आवाज आला. मुख्य कचेरीतून येऊन काउंटरमागे उभ्या असलेल्या मधुवंतीने चमकून वर पाहिलं.

सुई टोचली की माणसं 'मा गो' म्हणून ओरडतात, हे ती जन्मापासून ऐकत आली होती. 'आई गं' मात्र तिच्या घराबाहेर या शहरात कुणी म्हणत नसे. ती पडद्यापाशी गेली. आत एक उंच तरुण बाही वर करून, डोळे गच्च मिटून बसला होता.

"हो गया क्या?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"झालं केव्हाच. उघडा आता," ती मराठीत म्हणाली.

त्याने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. "तुम्ही... मराठी?"

"अर्धी."

"कुठली अर्धी?"

"ते अजून ठरायचंय." तिने हसू दाबलं. "चेहरा बघा कसा पांढरा पडलाय. पाणी खाणार?"

"काय?"

"पाणी. थोडं खा, बरं वाटेल."

त्याने पेला हातात घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "चावून खाऊ की नुसतंच गिळू?"

मधुवंतीच्या लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. बंगालीत पाणी खातात, चहा खातात, सिगारेटसुद्धा खातात. घरी आई हजारदा टोकायची. पण घाईत जीभ घसरायचीच.

त्याच्या हातातल्या पावतीवर नाव होतं, उन्मेष पटनायक.

"पटनायक?" ती म्हणाली. "मग मराठी कसे?"

"पाटणकर सांगितलं होतं. तुमच्या काउंटरने दोन मिनिटांत मला ओडिशात नेऊन सोडलं. आणि मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही. तेच बघायला आलो होतो, नाव सांगितलं की इथे काय लिहिलं जातं ते."

मधुवंती त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे पुण्याच्या कंपनीतून येणार होते ते पाटणकर..."

"आणि जिच्या ईमेल उघडायला आमचं अख्खं ऑफिस घाबरतं ती एम. आगाशे म्हणजे..."

"मधुवंती," ती म्हणाली. "पण मला सांगा, खोटा पेशंट होऊन आलात ते ठीक. रक्त कशाला दिलंत?"

"खुर्चीपर्यंत पोचलो होतो हो. तिथून पळून जाणं बरं दिसेना."

ती हसली. मोकळी, खळखळून. आणि मग सियालदा स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीत दोघं समोरासमोर बसली, तेव्हा खिडकीबाहेर बघायचं सोडून तिचं लक्ष पुन्हापुन्हा त्याच्या दंडावरच्या कापसाच्या बोळ्याकडे जात होतं. तो बोळा त्याने उतरेपर्यंत दाबून धरला होता!

काम मोठं होतं. भवानीपुरात मुख्य कचेरी असलेली ती लॅब जुनी. बराकपूरपासून बजबजपर्यंत शाखा पसरलेल्या. संगणक नवेनवे आले तेव्हा कुणीतरी बनवून दिलेल्या प्रणालीवर सगळा कारभार चालायचा. ती आता इतकी म्हातारी झाली होती, की कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. तिच्या पोटातली लाखो पेशंटांची माहिती उचलून नव्या डेटाबेसमध्ये न्यायची, तीही लॅबचं दार एक दिवसही बंद न ठेवता. मालक डॉ. सान्याल यांनी हे काम सोपवलं मधुवंतीवर. केस पांढरे झालेले दोघंतिघं रांगेत असताना, तिशीही न गाठलेल्या मुलीवर.

"दुर्गापुजोच्या आत, मोधुबोंती," ते म्हणाले होते. "पुजोच्या आत नवी व्यवस्था सुरू झाली, की संगणक विभाग तुझा."

मधुवंतीने वेळापत्रक आखलं. आधी जुन्या माहितीची साफसफाई, मग हलवण्याच्या तीन रंगीत तालमी, आणि महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, आधीच्या रविवारी खरा प्रयोग. त्या दिवशी सकाळी जुनं बंद करून नोंदी कागदावर घ्यायच्या, दिवसभरात सगळं हलवायचं, सोमवारी नव्यावर पहिला पेशंट घ्यायचा. उन्मेष पुण्याच्या कंपनीचा, माहिती हलवणाऱ्या तुकडीचा प्रमुख. त्यामुळे उठता-बसता दोघांची गाठ पडणं भाग होतं. भाग नसतं तेव्हाही पडायची.

साफसफाईतच पहिला पेच आला. एकच माणूस जुन्या प्रणालीत चार-चार वेळा नोंदलेला. पुण्याची तुकडी हैराण झाली.

"हे बघा," मधुवंती फळ्यापाशी जाऊन म्हणाली. "मुखर्जी आणि मुखोपाध्याय हे एकच. बॅनर्जी म्हणजे बंद्योपाध्याय, चॅटर्जी म्हणजे चट्टोपाध्याय. आज काउंटरवर एक सांगतील, उद्या दुसरं. दोन्ही खरंच असतं. तेव्हा नावाचं पहिलं अक्षर तेच, आडनाव या जोडीतलं कुठलंही, आणि फोन नंबर तोच असेल, तर माणूस एकच धरायचा. दोन्ही नोंदी एकत्र."

जुन्या नोंदींत नावाचं पहिलं अक्षरच असे. वय आणि बाई की पुरुष हे रकाने तर कुणी धड भरलेलेच नव्हते. तेव्हा याहून चांगला नियम कुणाला सुचेना. तो लावला आणि चार-चार नोंदींचा गुंता भराभर सुटला. डॉ. सान्यालांनी भर सभेत टाळी वाजवली.

"आमच्या पुण्याला हे सात जन्मांत कळलं नसतं," जिन्यात गाठून उन्मेष म्हणाला. "हुशार आहात."

"अर्धीच."

"दुसरी अर्धी सुंदर आहे. ठरलं की नाही अजून?"

आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरून गेला. मधुवंती कठडा धरून तिथेच उभी...

श्रावणात एक दिवस दुपारीच आभाळ फुटलं. भवानीपुरात गुडघाभर पाणी. दोघं कशीबशी कचेरीत पोचली, चिंब भिजून, आणि नेमकं काम निघालं सर्व्हरच्या खोलीत. तिथे बारा महिने बर्फासारखा गारठा. मधुवंतीचे दात वाजायला लागले.

"मला थंडी लागली," ती म्हणाली.

"थंडी वाजते." त्याने स्वतःचं कोरडं जॅकेट खुर्चीवरून काढून तिच्या खांद्यांवर टाकलं.

"वाजते? घंटा आहे का ती?"

"मराठीत वाजते. ऐका ना, वाजतायत की दात."

"बंगालीत लागते."

तो जरा थांबला. त्याच्या केसांतून पाण्याचा एक थेंब निघून कपाळावर आला होता, आणि तो पुसायचं त्याला भान नव्हतं.

"आणि प्रेम?" तो म्हणाला. "ते बंगालीत लागतं... की वाजतं?"

यंत्रांची घुरघुर एकदम मोठी वाटायला लागली. मधुवंतीने जॅकेटची कड घट्ट धरली.

"त्यात पडतात," ती हळूच म्हणाली. "दोन्हीकडे पडतातच."

त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

मग दिवसांना पंख फुटले. दुपारी कचेरीसमोरच्या ठेल्यावर मातीच्या भांड्यातला चहा. तो 'घ्यायचा' की 'खायचा' यावर रोजचं भांडण. तो तिला मराठी शब्द शिकवी, ती त्याला बंगाली शिव्या. तिच्या मराठीला तो हसायचा, पण त्या हसण्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. उलट घरात चार भिंतींत कोंडलेली आपली भाषा कुणीतरी हात धरून बाहेर उन्हात आणली असं वाटायचं. हाजरा रोडला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो आरतीला आला, आणि टाळ वाजवता वाजवता असा काही तिच्याकडे बघत राहिला, की शेजारच्या विजयाकाकूंनी तिच्या आईला कोपराने ढोसलं.

आईनेही वेळ घालवला नाही. मंगलाबाईंनी त्याला पुढच्याच रविवारी बेहाल्याच्या घरी जेवायला बोलावलं. वडील, प्रभाकर आगाशे, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले. उभी हयात कोलकात्यात काढली, पण वरणभातावर लिंबू नसेल तर जेवण झालं असं न मानणारे.

"मूळचे मिरजेचे म्हणजे गाणं आलंच असेल घरात," ते खूश होऊन म्हणाले.

"गाणं नाही हो काका. वडिलांचं किराणा दुकान होतं."

"अरे, मग तर उत्तमच! किराणा घराणंच की!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते ठसका लागेपर्यंत हसले.

तो गेल्यावर आई ओटा पुसत म्हणाली, "डोळे खरे आहेत हो मुलाचे."

"म्हणजे गं काय?"

"म्हणजे खोटं बोलता यायचं नाही त्याला. बरं असतं असं माणूस."

मधुवंतीने पाठ वळवून हसू लपवलं.

शेवटची तालीम पार पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उन्मेषने तिला चहाच्या ठेल्यावर बोलावलं. त्याने भांडं हातात घेतलं होतं, पण चहाला ओठ लावला नव्हता.

"मधू, एक माणूस सापडलाय. त्याचे दोन रक्तगट आहेत."

"चूक झाली असेल टाइप करताना."

"मलाही तेच वाटलं. म्हणून बराकपूर शाखेला फोन केला. एस. मुखर्जी म्हणजे सुब्रत. एस. मुखोपाध्याय म्हणजे शर्मिष्ठा, त्यांची बायको. शाळेत शिकवायच्या, त्यांचे सगळे कागद मुखोपाध्याय नावाने. घरात फोन एकच."

तिला समजायला एक क्षण लागला. आणि समजलं तेव्हा ठेल्यावरचा सगळा गलका लांब गेला.

"माझ्या नियमाने... नवरा-बायकोचा एक माणूस झाला."

"हो. नवऱ्याला साखर आहे, बाईंना नाही. आता कोणाचे जुने रिपोर्ट कोणाचे, ते नव्या डेटाबेसला कळत नाही."

"अशी किती असतील?"

"हाताने तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. जोडलेली प्रत्येक नोंद उघडून बघावी लागेल. पुजो उलटून जाईल, मधू."

पुजो उलटून जाईल. म्हणजे डॉ. सान्यालांसमोर उभं राहून सांगायचं, की ज्या नियमाला तुम्ही टाळी वाजवलीत तोच चुकला. म्हणजे ती केस पांढरे झालेली मंडळी मान हलवणार – बघा, पोरीच्या हातात दिलं की असं होतं! दोन वर्षं ती ज्या दाराशी उभी होती ते दार तोंडावर आपटणार.

"नव्यात गेल्यावर सुटं करू," ती भरभर बोलायला लागली. "नव्यात नोंदी सुट्या करायची सोय आहे ना? सोमवारपासून मी स्वतः बसते. एकेक तपासते."

"सोमवारी सकाळपासून रिपोर्ट छापले जाणार. मुखोपाध्यायबाईंच्या कागदावर नवऱ्याचा रक्तगट जाईल."

"हॉस्पिटलवाले रक्त देताना पुन्हा तपासतात, उन्मेष. सगळेच तपासतात."

"आणि साखरेच्या गोळ्या? त्याही कुणी तपासून देतं?"

ट्रामच्या जुन्या रुळांवर पावसाचं पाणी साचलं होतं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच.

"शनिवारी सभा आहे. कुणी विचारलं नाही, तर आपण होऊन बोलू नकोस. माझ्यासाठी."

"बघू."

"बघू नको. हो म्हण ना..."

त्याने तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "कुणी विचारलं नाही तर," तो म्हणाला. "हो."

शनिवारी सकाळी सभेच्या खोलीत सगळे जमले. दुसऱ्या दिवशीच्या कामाला हिरवा कंदील दाखवायचा, एवढंच बाकी होतं. मधुवंतीने गरद रेशमाची लाल काठाची साडी नेसली होती. आईने मुद्दाम काढून दिली होती. उन्मेष तिच्या नजरेला नजर देत नव्हता. ती समजली, रात्रभर झोपला नसेल. तीही कुठे झोपली होती!

डॉ. सान्यालांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी डॉक्टर माणूस. ऑपरेशनच्या आधी खोलीतल्या प्रत्येकाला विचारायची मला सवय. काही शंका असेल तर आत्ताच बोला. पाटणकर, तुमच्यापासून सुरू करू."

उन्मेषने वर पाहिलं. "आधी मॅडमना विचारा, सर," तो शांतपणे म्हणाला. "योजना त्यांची आहे."

तिला वाटलं, किती सांभाळून घेतलं याने. आपण नाही म्हटलं, की तोही नाही म्हणेल, झालं. त्या एका क्षणात तिला त्याचं फार प्रेम आलं.

"नाही, सर," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ आला. "काही शंका नाही."

"ठीक. पाटणकर?"

बाहेर मोटारींचे भोंगे वाजत होते. उन्मेष टेबलाकडे बघत होता.

"आहे, सर," तो म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. मुखर्जी, मुखोपाध्याय, दोन रक्तगट. ते कुणाला, कधी कळलं हे त्याने सांगितलं नाही, पण डॉ. सान्यालांनी विचारलं, "हे आज कळलं का?" आणि तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात सगळं आलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मान वळवून मधुवंतीकडे पाहिलं. रागावले नाहीत. चष्मा लावला आणि एवढंच म्हणाले, "मोधुबोंती... मी तुला विचारलं होतं ना?"

रविवार रद्द झाला. तासाभरात तिच्याकडून योजनाही काढून घेतली गेली.

जिन्यात तो धावत तिच्या मागे आला. "मधू, थांब. ऐक तरी."

ती थांबली.

"तुम्ही बरोबर केलंत," ती म्हणाली. "लोकांच्या जिवाशी खेळ होता. तुमचं काहीच चुकलं नाही."

"'तुम्ही' काय म्हणतेस..."

"फक्त एक सांगा. काल संध्याकाळी, आज सकाळी, कधीही... विचारलं तर बोलणार आहे, एवढं मला सांगता आलं नसतं? मी स्वतः उठून बोलले असते."

तो एक पायरी वर उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बोलली असतीस?" त्याने विचारलं.

मधुवंतीने पदर सावरला आणि खाली उतरून गेली.

तिला नोकरीवरून काढलं नाही. बजबजच्या शाखेत पाठवलं. नदीकाठी तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या, आणि दोन खोल्यांची लॅब. तिथे काउंटरवर बसायचं, तक्रारी ऐकायच्या. माझेरहाटहून रोज गाडी पकडून ती जायला लागली. भवानीपुरात तिच्या खुर्चीवर डॉ. सान्यालांनी उन्मेषला बसवलं, नोंदी सुट्या करण्याचं काम पुरं होईपर्यंत. त्याने आधी नको म्हटलं होतं, मग हो म्हटलं. हे तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याचे फोन यायचे. ती बघत राहायची, वाजून वाजून बंद होईपर्यंत.

पुजो आली आणि गेली. ढाकचे ढोल वाजले, रस्ते उजळले, आणि घरात आईने दर रविवारी विचारायचं सोडलं नाही, "उन्मेष नाही का येणार?" "कामात आहे गं," मधुवंती म्हणायची. खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं.

दिवाळीनंतर नवी प्रणाली सुरू झाली. एकही चूक नाही. बजबजच्या काउंटरवर संगणकाचा पडदा उजळला, तो बघून मधुवंतीचे डोळे भरून आले. आखणी तर तिचीच होती, तालमी तिच्या, क्रम तिचा. फक्त तो एक नियम नव्हता. तिने पहिलं नाव नोंदवलं, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. आणि तिच्या मनात आलं, आता तरी मी त्याला खरं सांगायला हवं. जिन्यात दिलं नाही ते उत्तर. ते सांगून टाकलं तर कदाचित... कदाचित पुन्हा सगळं सुरू होईल. तिने स्वतःहून फोन केला.

तो शनिवारी दुपारी बजबजला आला. वाळला होता. दोघं चालत फेरीच्या घाटापर्यंत गेली. हिवाळ्याची कोवळी उन्हं पाण्यावर पडली होती; पलीकडच्या काठाला, बाउडियाकडे जाणारी लाँच माणसांची वाट बघत होती.

"मी परत पुण्याला चाललोय," तो म्हणाला. "काम संपलं. पण त्याआधी विचारायचं होतं... आत्ताच विचारतो, नाहीतर धीर जाईल. लग्न करशील माझ्याशी, मधू?"

इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं तिच्या छातीत उसळून आलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी खरं. आधी खरं सांगायचं, मग हो म्हणायचं, असं तिने गाडीतच ठरवलं होतं.

"थांब. तू जिन्यात मला विचारलं होतंस. बोलली असतीस का म्हणून." तिने नदीकडे बघत सांगितलं. "नसते बोलले मी. तू आधी सांगितलं असतंस तरी नसते बोलले. तुझ्या पाया पडले असते, रडले असते, तुला गप्प केलं असतं. पण बोलले नसते. आज कळतंय मला ते."

बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"माहीत होतं मला," तो मायेने म्हणाला. तिचा हात हातात घेतला. "मला त्याचा राग नाही, मधू. खरंच नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

"तेव्हाच?"

"शुक्रवारीच. ठेल्यावर."

लाँचचा भोंगा वाजला. माणसं पळत सुटली. मधुवंतीच्या मनात काहीतरी सावकाश जुळत गेलं. सभेची खोली. टेबलावरचा चष्मा.

"पण सान्यालसरांनी आधी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

त्याने नजर नदीकडे वळवली.

"आधी तुला विचारलं. तू तिथेच सांगितलं असतंस, तर माझा नियम चुकला, एवढंच झालं असतं. चुका सगळ्यांच्या होतात. मला तोंड उघडावंच लागलं नसतं. पण तू म्हणालास, आधी मॅडमना विचारा."

"मधू..."

"का म्हणालास?"

त्याने तिचा हात सोडला नव्हता, पण त्याच्या बोटांतला जोर गेला होता.

"मला वाटलं, शेवटच्या क्षणी तरी तू बोलशील," तो म्हणाला. "मला बघायचं होतं. मी म्हणणार होतो, आम्ही दोघांनी मिळून शोधलंय सर... शपथेवर सांगतो. तू बोलावंस असं मला इतकं वाटत होतं..."

"आणि नाही बोलले तर माझं काय होईल, तेही तुला माहीत होतं."

"हो."

"मला सगळ्यांसमोर खोटं बोलू दिलंस."

"खोटं तू बोललीस, मधू." तो दुखावून म्हणाला, आणि लगेच त्याला शब्द मागे घ्यावेसे वाटले असावेत. पण ते निघून गेले होते.

"हो. मी बोलले," ती म्हणाली. "त्याची शिक्षा मी भोगतेय, आणि ती बरोबर आहे. पण मी बोलेन हे ठाऊक असून तू समोर बसून वाट बघितलीस. मला वाटत होतं तू मला सांभाळतोयस. त्या क्षणी मला तुझं जेवढं प्रेम आलं ना, तेवढं कधीच आलं नव्हतं."

उन्मेषने चेहरा हातांनी झाकला. मग तो म्हणाला, "मी चुकलो. मी आजही विचारतोय तुला. मला काही नको दुसरं."

"मलाही नकोय." तिचा आवाज आता थरथरत नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. "पण तू उद्या काही विचारलंस, साधंच, तू जेवलीस का, कुठे गेली होतीस, तर मला वाटत राहणार, याला उत्तर माहीत आहे. हा फक्त बघतोय, मी काय सांगते ते. आणि तुलाही प्रत्येक उत्तर पारखून घ्यावंसं वाटणार. असं किती वर्षं काढायची, उन्मेष?"

त्याने उत्तर शोधलं. तिला दिसत होतं, तो खरोखर शोधतोय. खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं. म्हणूनच तो शेवटी काही बोलला नाही.

गाडीच्या वेळेला ती एकटीच स्टेशनवर गेली. तो घाटावर बसून राहिला होता.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रभाकरराव देवघरासमोर उदबत्ती लावत होते. आई कणीक मळत होती. तिने मान न वळवताच विचारलं, "उद्या रविवार. उन्मेष येणार असेल तर श्रीखंड करते. चक्का बांधून ठेवायला हवा आत्ताच."

"नको, आई. तो पुण्याला चाललाय. आता नाही येणार."

मंगलाबाईंचे हात थांबले. "भांडलात?"

"नाही गं."

"मग झालं तरी काय?"

"खरं बोललो," मधुवंती म्हणाली. "दोघंही."

आईला काही कळलं नाही. पण लेकीच्या चेहऱ्याकडे बघून तिने पुढे विचारलंही नाही. ताट घेतलं, गरम पोळी वाढली, वर तूप सोडलं. मधुवंती बसली आणि जेवली. वडिलांनी शेजारी बसून रेल्वेतल्या जुन्या गोष्टी काढल्या, त्यांना तिने हुंकार दिले. मग हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ पुरा सोडला, आणि मोठ्याने रडली.

बाहेर वडील आवाज देत होते, "मधू, पाणी वाया जातंय गं!" आई त्यांना म्हणत होती, "जाऊ द्या. जाऊ द्या हो आज."